सात ते दहा

१७ नोव्हेंबर, सोमवार

बी विंगची केबल जळाली. पहाटे पाच चाळीसला.

सहाला आमच्या वायरमनचा, संपतचा फोन आला. पहिलं वाक्य काय, तर "मॅडम, माणसं सगळी खाली हायेत, कुणाला काय झालं न्हाई, तुम्ही घाबरू नका." मग म्हणाला, केबल गेली. म्हणजे आधी मलाच धीर दिला त्याने!

कालच तर शेगड्या वाटल्या. चौऱ्याऐंशी घरं, चौऱ्याऐंशी इंडक्शनच्या शेगड्या, प्रत्येकीला लाल रिबीन. रिबिनीची हौस माझी. गच्चीवर सौर पॅनेल, घराघरांत नवं वायरिंग, जिन्यात नवे दिवे. कालव्याकाठच्या झोपड्यांतून उठवून इथे आणलेल्या माणसांना पंधरा वर्षांनी कुणीतरी काहीतरी धड देतंय, असं मी भाषणात म्हणाले. माइक हातात आला की मला चेव चढतो.

आणि आज जिन्यात धूर. सात मजल्यांची माणसं अंधारात चाचपडत खाली उतरली. एका आजींचा पाय मुरगळला. लिफ्ट बंद, पाण्याचा पंप बंद, सगळंच बंद.

यमुनाबाई आज आल्या नाहीत. कशा येतील — त्याच विंगमध्ये पाचव्या मजल्यावर राहतात. सहा वर्षं आमच्याकडे पोळ्या करतायत. संपत त्यांचा धाकटा भाऊ. या कामाला वायरमन हवा होता तेव्हा त्यांनीच सुचवला, आणि मी ऑफिसात भांडून घेतला. बाहेरचा ठेकेदार कशाला, वसाहतीतलाच माणूस घ्या म्हटलं. लायसन्सवाला आहे, हात स्वच्छ आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव कामाच्या बोर्डावर लागलं. बोर्डापाशी उभं राहून त्याने फोटो काढून घेतला होता.

बाबांनी आज ब्रेड खाल्ला. तक्रार केली नाही, म्हणजे माझं तोंड बरंच उतरलेलं असणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज केबल नीट पाहिली. बघायला नको होती.

बी विंगमध्ये तळमजल्यापासून वर एकच मुख्य केबल जाते, जिन्याच्या कोपऱ्यातून. तिच्यातूनच मजल्यामजल्यावर वीज फुटते. तळाच्या पेटीत तिचा सांधा आहे. तो संपतने केलेला. सांधा ढिला राहिला तर तो तापतो आणि तेवढाच भाग जळतो. इथे सांधा जळालाय हे खरं, पण केबलचं आवरणसुद्धा तळापासून थेट चौथ्या मजल्यापर्यंत फुगलंय. भाकरीसारखं. म्हणजे सांध्याचा प्रश्नच नाही. केबलमधून तिच्या ताकदीच्या दुप्पट वीज गेली. केबलच बारीक होती.

केबल किती जाड घ्यायची ते मी ठरवलं. जुना जाड फ्यूज बदलायचा नाही हेही माझ्याच ड्रॉइंगमध्ये. तो उडायला हवा होता, उडाला नाही.

आता लिहूनच टाकते. इथे नाही लिहिलं तर कुठे लिहिणार.

सर्व्हेच्या फॉर्ममध्ये चौदावा रकाना होता: सकाळचा स्वयंपाक किती ते किती. त्याच्यावरून ठरतं की एका वेळी किती शेगड्या चालू असतील, आणि त्याच्यावरून केबल. जूनमध्ये मी घरोघर फिरले, पण अकरा ते चार. बहुतेक दारांना कुलूप. उघडी होती तिथे म्हातारी माणसं, त्यांना पंखे-ट्यूब मोजून दाखवायला सांगितलं, उन्हाने जीव गेला होता, चौदावा रकाना राहू दिला. नंतर विचारू म्हटलं. मग फॉर्म द्यायची तारीख आली. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बसले आणि सगळ्यांवर लिहिलं — सात ते दहा. चौऱ्याऐंशी वेळा. हात दुखला म्हणून मध्ये चहा घेतला.

सात ते दहा का? तर आमच्या गल्लीत तसं असतं. समोरच्यांचा कुकर सातला होतो, खालच्या पोरी नऊला मॅगी करतात, आमचं दहापर्यंत रेंगाळतं. सगळे एकाच वेळी स्वयंपाक करत नाहीत, हे पुस्तकातही आहे आणि खिडकीतून दिसतंही. म्हणून मी धरलं, एका वेळी फार तर पंचवीस शेगड्या.

काल पहाटे पाच चाळीसला किती चालू होत्या?

१९ नोव्हेंबर, बुधवार

कुणाला सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शेफाली मॅडमनी बोलावलं. ऑफिस त्यांचं, पैसे देणाऱ्या संस्थेला तोंड त्यांनाच द्यायचंय. केबल का जळाली याचं तांत्रिक टिपण सोमवारच्या आत हवं. त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, दोन कारणं शक्य आहेत — सांध्याचं काम कच्चं, किंवा भार जास्त. दोन्ही लिही, तुला जे दिसलं ते लिही.

मला जे दिसलं ते! दोन्ही लिहिलं. वाचलं. दुसऱ्या कारणापुढे कुणीही पहिला प्रश्न विचारणार की भार जास्त कसा, तुमचा सर्व्हे काय म्हणतो? मग फॉर्म निघणार. मग चौदावा रकाना, एकाच पेनाने, एकाच हाताने, सात ते दहा.

दुसरं कारण खोडलं. "तळमजल्यावरील सांध्याचे काम सदोष असणे हे संभाव्य कारण." संभाव्य हा शब्द दोनदा घातला, जणू त्याने माझं पाप निम्मं होणार. सही केली. मॅडमना कुणी दोष देऊ नये — त्यांनी सांगितलं नव्हतं. मी आपणहून केलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

साइटवरून विचारलं, जळकी केबल भंगारात देऊ का, जिन्यात मुलं हात लावतात. मी म्हटलं, द्या.

एवढंच. एका शब्दाचं काम.

२४ नोव्हेंबर, सोमवार

यमुनाबाई आल्या. आठवड्याने. विंगमध्ये अजून वीज नाही, पण बिचाऱ्या म्हणाल्या, साहेबांचे पोळीबिगर हाल होत असतील. साहेब म्हणजे बाबा. बाबा अठ्ठावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, पण यमुनाबाईंच्या लेखी ते साहेबच.

ओट्याशी उभी राहिले. मी कधी राहत नाही. विचारलं, यमुनाबाई, तुम्ही सकाळी किती वाजता उठता?

सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. त्यांनाही नवल वाटलं असावं. लाटणं न थांबवता सांगत गेल्या. चारला उठायचं. पाचला पाणी येतं, ते भरायचं. सव्वापाचला शेगडी लावायची, भाजी-भाकरी, पोरांचे डबे, नवऱ्याचा डबा, आंघोळीचं पाणी. सहाच्या पुढं घरात थांबायचं नाही, स्वारगेटपर्यंत चालत यायचं, तिथून बस. एकट्या त्यांचंच असं नाही. विंगमधल्या झाडून साऱ्या बायका घरकामाला जातात, कुणी सदाशिव पेठेत, कुणी नारायण पेठेत, आणि पुरुषांची सहाची हजेरी.

"सातला तुमच्याकडं हजर व्हायचं म्हंजे सव्वापाचला तवा चढायलाच पायजे की ताई."

म्हणजे माझ्याकडे. आमच्या गल्लीत ज्या निवांत सात ते दहा चुली चालतात ना, त्या चालाव्यात म्हणून बी विंगच्या चौऱ्याऐंशी शेगड्या एकदम सव्वापाचला लागतात. आणि हे सांगणारी बाई माझ्याच स्वयंपाकघरात रोज तासभर उभी असते. जूनमध्ये त्या रविवारी मी टेबलावर बसून सात ते दहा लिहीत होते तेव्हाही होती. मला आठवतंय, चहा तिनेच दिला.

गेल्या वर्षी एकदा त्यांना साडेसात झाले होते. मी काही बोलले नव्हते. नुसतं घड्याळाकडे बघितलं होतं, त्यांना दिसेल असं. आपण पुणेकर तेवढ्यात बरोबर काम भागवतो.

पोळी तशीच डब्यात ठेवली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वसाहतीत गेले. पंप बंद म्हणून खालच्या टाकीवरून पाणी न्यावं लागतंय. सातव्या मजल्यावरची एक गरोदर बाई प्रत्येक मजल्यावर कळशी टेकवत चढत होती. मला बघून हसली. म्हणाली, मॅडम, शेगडी लई भारी हाय, लाईट आली की वापरीन. मी कळशी घ्यायला गेले तर तिने दिली नाही, तुमची साडी भिजंल म्हणाली.

संपत खालीच बसला होता, पेटीसमोर. माझं टिपण त्याच्यापर्यंत पोचलं आहे. मी मनाशी तयारी करून गेले होते. तो ओरडेल, शिव्या घालेल, माझं काम चोख होतं म्हणेल. मग मी काय बोलायचं तेही रिक्षात घोकलं होतं.

तो म्हणाला, "माझ्याच हातनं राहिलं असंल, मॅडम."

म्हणजे? तर म्हणे, सांधा आवळत होता त्या दिवशी निकिताचा — त्याच्या मुलीचा — शाळेतून फोन आला, ताप आहे, घेऊन जा. तो गेला. परत येऊन झाकण लावलं. मधलं आठवत नाही. स्क्रूचा शेवटचा वेढा आवळला का नाही आवळला? दहा दिवस तेवढंच डोक्यात चाललंय. तुमच्यासारखी शिकलेली माणसं उगाच लिहिणार नाहीत, असंही म्हणाला.

तिथेच सांगायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते! शेजारी माणसं होती. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. दोनच माणसं होती, आणि ती पत्ते खेळत होती.

३० नोव्हेंबर, रविवार

बाबा म्हणाले, "काय गं, आठवडाभर चहा वेळेवर मिळतोय. काय केलंयस?"

काही नाही म्हटलं.

२ डिसेंबर, मंगळवार

पत्र निघालं. सी, डी, ई विंगच्या कामातून संपतला काढलं. शिवाय निष्काळजीपणाबद्दल त्याचं लायसन्स तपासणीसाठी पुढे पाठवणार. मॅडमनी मला प्रत दाखवली आणि विचारलं, ठीक आहे ना? तुझं टिपण आहे म्हणून विचारते.

मी म्हटलं, ठीक आहे.

बाईगं, एवढं सरळ कसं म्हणू शकले? आवाजसुद्धा हलला नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

बी विंगला वीज आली. नवीन केबल, नवीन फ्यूज, नवा ठेकेदार. केबलचा आकार मीच दिला — पहिलीच्या अडीचपट जाड. ड्रॉइंगवर कारण लिहिलं, "भविष्यातील वाढ लक्षात घेऊन". कुणी काही विचारलं नाही.

चोर मी आणि कुलूपही मीच बदलून दिलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. संपत दिसला नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

नारायण पेठेत झेरॉक्सला गेले होते. एका क्लासच्या इमारतीच्या दाराशी वॉचमन बसलेला. निळा शर्ट, खांद्यावर शिटी. संपत!

मी रस्त्याच्या पलीकडेच थांबले. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती, एका स्कूटरला वळसा घालून फुलांच्या दुकानाशी उभी राहिले. तेवढ्यात क्लासमधून एक मॅडम बाहेर आल्या. वरची ट्यूब फडफडतेय, तुम्हाला काही येतं का हो, असं विचारत होत्या. ट्यूब! जो माणूस सात मजल्यांचं वायरिंग एकट्याने ओढतो, त्याला!

तो उठून उभा राहिला. वर बघितलं. मग म्हणाला, "मला न्हाई येत, मॅडम."

हात मागे घेतले होते. दोन्ही. दुकानाशी उभ्या उभ्या मला रडू आलं. फुलवाला म्हणाला, गजरा घेणार आहात का बाजूला होताय?

१० डिसेंबर, बुधवार

यमुनाबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं. संपत पक्कड हातात धरत नाही म्हणाल्या. घरातला पंखा बंद पडला तर शेजारच्याला बोलावला. रात्री उठून शेगडीची पिन काढून ठेवतो, बहिणीच्या घरचीसुद्धा. निकिता हसते त्याला. "हात कापतो म्हनतो. चांगला हात होता हो त्याचा." पीठ मळतामळता सांगितलं, डोळे कोरडे. मला ओरडल्या असत्या तर चाललं असतं.

त्याचं लायसन्स जाईल तेव्हा जाईल. हात मी आधीच काढून घेतलाय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पावणेपाचला वसाहतीत पोचले. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, नक्की इथेच? सोबत करंट मोजायचा चिमटा घेतला होता. केबलला बाहेरून पकडला की आतून किती वीज जातेय ते आकड्यात दाखवतो. सर्व्हेच्या वेळी चिमट्याचीही गरज नव्हती, पेटलेल्या चुली मोजल्या तरी पुरलं असतं. एका पहाटेचं काम होतं.

पाचला पाणी आलं. सगळ्या मजल्यांवर एकदम बादल्या, हंडे, नळाखाली भांडण, कुणीतरी रेडिओ लावला. सव्वापाचपासून आकडा चढायला लागला. चाळीस. नव्वद. एकशे तीस. पहिली केबल शंभर अँपिअरची होती, तेवढंच झेपणारी. पाच अडतीसला — दोनशे बारा.

जिन्यात उभी राहिले. सगळी दारं उघडी. लसणाच्या फोडणीचा वास, भाकरी थापल्याचे आवाज, डब्यांची झाकणं. एक बाई एका हाताने पोरीची वेणी घालत होती, दुसऱ्याने भाजी हलवत होती. चौऱ्याऐंशी घरं एका लयीत धावत होती, आणि ही लय आम्ही सदाशिव पेठेत बसून लावून दिलेली.

यमुनाबाई पाचव्या मजल्यावरून उतरताना भेटल्या. दचकल्या. ताई तुम्ही, एवढ्या लवकर? आणि लगेच, "आज मला उशीर न्हाई हां झाला."

मी म्हटलं, आज माझ्याकडे नका येऊ. सुट्टी. त्यांना वाटलं, मी रागावले.

१३ डिसेंबर, शनिवार

बाबांना सांगितलं. सगळं. चौदावा रकाना, टिपण, भंगार, ट्यूब.

मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी तिरकस येणार आणि मी हसेन आणि हलकं वाटेल. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, "मला कशाला सांगतेस? मी कुठे वायरमन आहे?"

नवीन टिपण लिहायला बसले. एका पानाचं. कारण: केबलचा आकार अपुरा. कारणाचं कारण: सर्व्हेतील चौदावा रकाना मी प्रत्यक्ष न विचारता भरला. पुरावा: १२ तारखेचे आकडे. संपत यांच्या कामात कोणताही दोष आढळलेला नाही. आढळलेला नाही खोडून, दोष नव्हता असं लिहिलं.

१५ डिसेंबर, सोमवार

मॅडमनी टिपण दोनदा वाचलं. मी उभीच होते. बसायला सांगतील असं वाटलं, नाही सांगितलं.

मग म्हणाल्या, "फॉर्म मी तपासले होते, अपूर्वा. चौऱ्याऐंशी घरांचं एकच उत्तर लिहिलेलं होतं, सात ते दहा, आणि माझ्या नजरेत नाही आलं."

मी या प्रकल्पातून बाहेर. नोकरीचं नंतर बघू म्हणाल्या. बरोबर आहे. मी असते तर आजच काढलं असतं. पण संध्याकाळच्या आत पत्र त्यांनी स्वतः लिहून काढलं: संपतवरचा ठपका मागे, तपासणी रद्द, तिन्ही विंगचं काम परत त्याच्याकडे. असं काम करायला धडाडी लागते. माझ्यात ती महिन्याने आली.

हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू — बसमध्ये जागा मिळाली याचासुद्धा आनंद झाला. उद्या सुटी टाकते, परवा पत्र घेऊन मीच जाणार. पाया पडावं लागलं तरी पडेन.

१७ डिसेंबर, बुधवार

त्याने पत्र वाचलं. खुर्चीवरून उठून, उभ्याने, बोट फिरवत. दोनदा.

मग घडी घालून खिशात ठेवलं आणि माझ्याकडे बघून असं हसला, जसं आपण आजारी माणसाकडे बघून हसतो. "मॅडम, ह्यात तुमची चूक लिवलीय."

माझीच आहे, म्हटलं. आणि सांगत सुटले. चौदावा रकाना, सात ते दहा, केबल शंभराची आणि भार दोनशे बारा. क्लासची पोरं येत-जात होती, तो मधेच एकेकाला सायकल आत लावा म्हणून सांगत होता. ऐकत होता पण, नीट ऐकत होता. मी म्हटलं, आवरण चौथ्या मजल्यापर्यंत फुगलं होतं, सांधा ढिला असता तर एवढं वर फुगेल का, तुम्हीच सांगा.

तो म्हणाला, सांधा तापला की उष्णता तांब्यातून वर चढते. बघितली असती तर सांगता आलं असतं. केबल कुठाय?

केबल भंगारात. मीच दिली.

"तुम्ही ताईच्या शब्दाला मान दिलात. सहा वर्सांचा घरोबा. मला कळतंय." मी जवळजवळ किंचाळले की तसं नाहीये, माझा रकाना खोटा होता, तुमचा सांधा पक्का होता! क्लासचं एक पोरगं थांबून बघायला लागलं.

"वेढा अर्धा ऱ्हायला व्हता, मॅडम. मला आता सपष्ट आठवतंय."

आता आठवतंय! नोव्हेंबरच्या सत्तावीसला आठवत नव्हतं. मधल्या तीन आठवड्यांत माझ्या त्या एका ओळीने त्याच्या डोक्यात बसून तो वेढा अर्धा सोडलाय. तिथे मी सांधा उसकटून ठेवलाय आणि तो आता मला आवळता येत नाही.

कामाचं विचारलं. सी विंगचं काम घेणार नाही म्हणाला. पोरंबाळं असतात विंगमध्ये. पुन्हा काही झालं तर? इथे बरं आहे. दार उघडायचं, दार लावायचं.

निघताना हात जोडले त्याने. "माझ्यासाठी तुम्ही खोटं बोलायला नको व्हतं."

१८ डिसेंबर, गुरुवार

यमुनाबाईंना ओट्यापाशी बसवून सगळं सांगितलं. पहिल्यापासून. त्या पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या. मला वाटलं, पटलं. उठल्या आणि माझ्या पायाला हात लावला.

मी पाय मागे घेतले तर म्हणाल्या, भावाला जपलंत, ताई, नोकरीवर पाणी सोडलंत. नाही हो, नाही, म्हटलं. देवमाणसं कबूल करत नाहीत म्हणाल्या.

बाबा दारात उभे होते. तसेच आत गेले.

२० डिसेंबर, शनिवार

उद्या सकाळी दहाला बी विंगच्या गच्चीवर माझा सत्कार आहे. गरिबाची चूक स्वतःवर घेतल्याबद्दल, असं खालच्या फळ्यावर खडूने लिहिलंय. शाल संपतच्या हस्ते.